शेवग्याखाली सुटलेला दम

माझ्या सासऱ्यांइतका खरं बोलणारा माणूस कल्याणपासून कुलाब्यापर्यंत शोधून सापडायचा नाही, आणि अशा माणसाबरोबर एका घरात राहणं किती कठीण असतं हे माझ्याइतकं कुणालाही ठाऊक नाही. लग्न होऊन मी मुलुंडच्या या घरात आले, त्याच आठवड्यात मोठ्या हौसेने सोलकढी केली. बाबांनी एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि एक अक्षर न बोलता उजवा हात कोपरात न वाकवता सरळ आढ्याच्या दिशेने वर केला. मला वाटलं, आशीर्वाद देतायत. मी लगबगीने वाकले. तेव्हा सासूबाई माझ्या कानाशी येऊन मालवणीत पुटपुटल्या, "वाकू नको गो. बाद केल्यानी तुका." नंतर पुष्कळ वर्षांनी माझी सोलकढी जमली. त्या दिवशी बाबांनी हात वर केला नाही, वाटी पुढे केली. मला जो आनंद झाला तो पगारवाढीच्या वेळीही झाला नव्हता.

बाबा कबड्डीचे पंच. विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून त्यांनी आयुष्य काढलं, पण ते केवळ दिवसाउजेडी रिकामं बसायला नको म्हणून, असं त्यांच्या बोलण्यावरून वाटे. संध्याकाळ झाली की कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत जिथे मातीवर चुन्याची रेघ पडेल तिथे ते हजर. इतर लोकांच्या गळ्यात माळ असते, ताईत असतो; यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली पितळी शिट्टी. ती आंघोळीलासुद्धा उतरत नसे. त्यांना नावाने हाक मारणारं माणूस मला कधी भेटलंच नाही. पोस्टमन, गॅसवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांचे ते 'पंच'. पार्किंगच्या भांडणात दोन्ही बाजू आधी त्यांच्याकडे येत आणि दोन्ही बाजू नाराज होऊन परत जात, कारण बाबांना मध्यममार्ग हा प्रकारच ठाऊक नव्हता. एक जण बाद असतो आणि एक जण नसतो, बस्स. भाजीवाल्याच्या गाडीवरचा फ्लॉवर त्यांनी बाद केला की सोसायटीतल्या इतर बायकाही तो घेत नसत, आणि तो बिचारा आमच्या फाटकावर गाडी आणताना आधी पंच कुठे दिसतायत का ते बघून घेई.

पण त्यांची खरी ख्याती कानांची. कबड्डीत चढाई करणाऱ्याने समोरच्यांच्या हद्दीत असेतो एका दमात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत राहायचं असतं. मध्ये श्वास घेतला की दम सुटला, गडी बाद. तो सुटलेला दम, पापणी लवावी एवढाच, प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात, ताशांच्या कडकडाटात बाबांना बरोबर ऐकू येई. कान असे तयार झाले होते की मैदान सोडलं तरी थांबत नसत. बोरिवलीला माझ्या नणंदेच्या लग्नात गुरुजी मंगलाष्टक म्हणता म्हणता मध्येच श्वास घ्यायला थांबले आणि इकडे वधुपित्याचा हात वर गेला. हात वर गेलेला पाहून मांडवातल्या निम्म्या लोकांनी वेळ झाली असं समजून अक्षता टाकल्या. गुरुजी गोंधळले, वाजंत्रीवाले वाजवायला लागले आणि माझ्या नणंदेचं लग्न मुहूर्ताच्या चांगलं आधी लागून गेलं. संसार उत्तम चाललाय तिचा. बाबांना विचारलं तर म्हणाले, "माझं काय चुकलं? दम सुटला तो सुटला."

पंचगिरीत त्यांचा एकच नियम होता आणि तो ते येताजाता सगळ्यांना ऐकवत. "खेळाडूला कधी विचारायचं नाही. खेळाडू खोटंच बोलतो." हा नियम त्यांनी स्वतःच्या मुलालाही लावला. दिनेश, म्हणजे माझा नवरा, कॉलेजात असताना भांडुपच्या एका मंडळाकडून खेळायचा आणि म्हणे झकास खेळायचा. अंतिम सामन्याला पंच हेच. खरं तर बापाने मुलाच्या सामन्याला पंच म्हणून उभं राहायचं नसतं, पण समोरच्या संघाचा कप्तान स्वतः म्हणाला, "पंच असतील तर बाप असला तरी चालेल." शेवटची चढाई दिनेशची. दोन गडी मारून तो मध्यरेषेवर परतला, पोरांनी त्याला उचललंसुद्धा, आणि शिट्टी वाजली. उजवा हात वर. दम सुटला. दिनेश खांद्यांवरून उतरून धावत आला, "नाही सुटला दम! आईशप्पथ नाही सुटला!" बाबा सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "खोटारडा." त्या दिवसानंतर दिनेशने पुन्हा मैदानात पाय टाकला नाही. बापलेकांत भांडण असं कधी झालं नाही. दिनेश त्यांना दवाखान्यात नेतो, त्यांच्या आवडीचे बोंबील आणतो, सगळं करतो. फक्त टीव्हीवर कबड्डी लागली की उठून आतल्या खोलीत जातो, आणि एकदा मी विचारलं तेव्हा कपड्यांना इस्त्री करता करता म्हणाला, "यार, नव्हता सुटला दम. मला कळलं नसतं का?" केस पांढरे व्हायला लागले तरी तो एक शब्द त्याला टोचत होता. मला त्या दोघांचाही राग यायचा, आणि दोघांचीही दया यायची.

तर अशा या माणसाच्या हृदयाने एक दिवस दम सोडला, आणि तो त्यांना ऐकू आला नाही.

निमित्त मोतीबिंदूचं. ऑपरेशनच्या आधी हृदयाचा आलेख काढतात, तो काढला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी आम्हाला डोळे सोडून भलत्याच दवाखान्यात पाठवलं. तिथली हृदयाची डॉक्टर अगदी तरुण मुलगी, केसांचा बॉबकट आणि पायांत स्पोर्ट्स शूज. तिने बाबांना नीट समजावून सांगितलं. या आजाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे ठोका देण्याऐवजी नुसते थरथरतात, ठोक्यांचा ताळतंत्र सुटतो. रक्त तिथे रेंगाळतं, त्याची गुठळी होते, आणि ती गुठळी निघून मेंदूत अडकली तर एका क्षणात हात जातो, पाय जातो, वाचा जाते. "म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची, काका. रोज म्हणजे रोज." ती हे सांगत असताना माझं लक्ष बाबांच्या मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताकडे गेलं. बाबा मात्र खुशाल होते. "पण मला काही होत नाही," ते म्हणाले. "पुष्कळांना होत नाही," ती म्हणाली. "मला धाप नाही, धडधड नाही, चक्कर नाही. मी खोटं बोलत नाही हां, कुणालाही विचार." डॉक्टर हसली. पुढच्या खेपेला पुन्हा आलेख काढला तर तो अगदी नीट. हा आजार येतो आणि जातो, आत्ता गेलाय म्हणजे गेला असं नाही, हे तिने पुन्हा सांगितलं. पण बाबांनी आधीचा निकाल रद्द झाला असं मनातल्या मनात जाहीर करून टाकलं होतं.

गोळ्यांची पाकिटं संपेनात तेव्हा मला शंका आली. विचारल्यावर त्यांनी लपवलं नाही, कारण लपवणं हे खोटं बोलण्यातच जमा. "गोळी म्हणजे राखीव खेळाडू," ते शांतपणे म्हणाले. "गरज पडली की उतरवायचा. रोज रोज राखीव खेळाडू उतरवतात काय?" आणि गरज आहे की नाही हे कसं ठरवायचं, तर त्यासाठी दररोज सकाळी शरीराची सुनावणी चाले. चहाची चव बरोबर लागली की एक मुद्दा हृदयाच्या बाजूने. कानाची पाळी गरम लागली की एक मुद्दा विरोधात. बोंबील खावेसे वाटले तर हृदय ठणठणीत, कारण आजारी माणसाला बोंबील आठवत नाहीत असं त्यांच्या आजीचं मत होतं. डावा डोळा लवला की मामला गंभीर. जांभई दोनदा आली तर गोळी, एकदाच आली तर पाव गोळी. ती ते भाजीच्या सुरीने कापत आणि उरलेले तुकडे सुपारीच्या डबीत ठेवत. मी ओरडले, दिनेश चिडला, नणंदेने बोरिवलीहून फोन करून रडून पाहिलं. बाबांचं एकच म्हणणं, "शरीर माझं आहे की त्या पोरीचं? आत बिघडलं तर मला कळणार नाही?"

आणि या सगळ्या सुनावणीचा शेवटचा निकाल लागे तो दमावर. आमच्या सोसायटीच्या फाटकापासून मागच्या पाण्याच्या टाकीपर्यंत एक सरळ वाट आहे, मध्ये डाव्या हाताला शेवग्याचं झाड. रोज सकाळी बाबा फाटकाला हात लावून छाती भरून घेत आणि 'कबड्डी, कबड्डी' म्हणत टाकीकडे निघत. टाकीला हात लागेपर्यंत दम टिकला तर हृदय टिकलं, गोळीला सुट्टी. दूधवाला बाजूला होई, वॉचमन स्टूल उचलून घेई, तिसऱ्या मजल्यावरचे शहा आपला कुत्रा कडेवर घेत. आणि बाबा रोज टाकीला हात लावून विजयी मुद्रेने वर बाल्कनीकडे बघत. आता एक गोष्ट सांगायला हवी. शेवग्याच्या झाडाखाली आलं की त्यांचा दम सुटायचा. जरासाच, एक 'कबड्डी' गिळल्यासारखी व्हायची, एक चिमूटभर श्वास आत जायचा आणि पुन्हा सुरू. रोज, त्याच झाडाखाली. मला बाल्कनीतून ऐकू यायचं, सासूबाईंना यायचं, वॉचमनलाही यायचं. पण इतक्या आनंदाने टाकीला हात लावणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला सांगणार कोण? आणि सांगून पटणार कसं? चढाई त्यांचीच आणि पंचही तेच.

शेवटी त्या डॉक्टरनेच तोडगा काढला. छातीवर चिकटवायचं एक छोटं यंत्र असतं, आठवडाभर ते हृदयाचा एकेक ठोका टिपत राहतं. त्यावर एक बटण. "तुम्हाला काही जाणवलं की दाबायचं, काका. मग आपण बघू तुमचं शरीर खरं सांगतं का." बाबांना ही कल्पना बेहद्द आवडली. त्यांच्या खरेपणाची जाहीर परीक्षा! पण नुसतं बटण दाबणं त्यांना मिळमिळीत वाटलं. म्हणून आधी शिट्टी, मग बटण. तो आठवडा आमची इमारत विसरणार नाही. समोसा खाल्ला, छातीत कळ आली, शिट्टी. टीव्हीवरच्या पंचाने चुकीचा निर्णय दिला, धडधड झाली, शिट्टी. सासूबाईंच्या मालिकेतली सून जिन्यावरून पडली, ठोका चुकला, शिट्टी. लिफ्ट मध्येच अडकली, तेव्हा तर आतून इतक्या शिट्ट्या आल्या की वॉचमनने सोसायटीचा गजर वाजवला. माझी ऑफिसची मीटिंग घरून चालली होती, तर पवईतल्या माझ्या साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे ट्रॅफिक पोलीस राहतात का?" आणि मंगळवारी सकाळी बाबा न्याहारीला आले ते तरतरीत. टाकीपर्यंत दम टिकला होता, चहा फक्कड लागला होता, बोंबिलांची फर्माईश झाली होती. "आज गोळीला सुट्टी, सूनबाई. आज आतमध्ये एकदम शिस्त आहे." दिवसभर शिट्टी नाही, बटण नाही.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं, म्हणजे बाबा, सासूबाई आणि मी, निकाल ऐकायला गेलो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, पंचगिरीला जाताना घालत तसा. डॉक्टरने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. समोशाच्या वेळी हृदय व्यवस्थित होतं, तो गॅस. मालिकेच्या वेळी व्यवस्थित. लिफ्टमध्ये ठोके जोरात, पण अगदी तालात. जिथे जिथे बटण दाबलं होतं तिथे काहीएक बिघाड नव्हता. बाबांचा चेहरा खुलायला लागला. मग तिने पुढचा आलेख उघडला. त्यावरच्या रेघा कशाही, कुठेही पडलेल्या, दोन सारख्या नाहीत. "हा मंगळवार," ती म्हणाली. "जवळजवळ दुपारपर्यंत. आणि शुक्रवारी पुन्हा, तुम्ही जेवत होतात तेव्हा. बटण एकदाही नाही."

मंगळवार म्हणताच मी आणि सासूबाईंनी एकमेकींकडे पाहिलं. त्या सकाळी त्यांनी टाकीला हात लावला होता. त्या दिवशी त्यांनी गोळी घेतली नव्हती.

बाबांनी पडद्याला नाक टेकेल इतकं वाकून पाहिलं. मग त्यांचा आवाज चढला. "म्हणजे मी खोटं बोललो? मंगळवारी मी ठणठणीत होतो. मला काही झालं नव्हतं. मी खोटारडा आहे काय?" डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्या जवळ बसली. "कोण म्हणतं खोटं? तुम्हाला जसं वाटलं तसंच तुम्ही सांगितलंत. पण या आजारात वाटणं वेगळं आणि असणं वेगळं. वाटतं तेव्हा नसतं, असतं तेव्हा वाटत नाही. पुष्कळांचं असंच होतं, काका. म्हणून गोळी तुम्हाला काय वाटतं त्यावर नाही द्यायची." बाबा ऐकायला तयार नव्हते. यंत्र बिघडलं असेल, चिकटपट्टी सुटली असेल, दुसऱ्याच कुणाचा आलेख असेल. बाद झालेला गडी पंचांभोवती जे जे करतो ते सगळं त्यांनी केलं. मग आम्ही रिक्षाने निघालो. सासूबाईंनी त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता. मला एवढ्या वर्षांत नमस्काराशिवाय एकमेकांना हात लावताना ते दोघं कधी दिसले नव्हते.

फाटकाशी रिक्षा थांबली. दिनेश आमची वाट बघत तिथेच उभा होता. बाबा उतरले ते ताडकन म्हणाले, "मी आत्ता सगळ्यांसमोर टाकीपर्यंत जाऊन दाखवतो. दम टिकला तर ती गोळी मला पुन्हा दाखवायची नाही." मी काही बोलणार एवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. ही बाई त्यांच्यासमोर आवाज चढवून बोललेली मी कधी ऐकली नव्हती, आणि त्या दिवशीही चढवला नाही. त्यांनी नुसता हात पुढे केला. "ती शिट्टी हयसर हाडा."

"कशाक?"

"चढाई तुमची. मगे पंच तुमीच कशे?"

खेळाडूला विचारायचं नाही, हा नियम त्यांचाच. त्यांनी गळ्यातून दोरा काढला आणि शिट्टी सासूबाईंच्या हातात दिली. मोकळ्या गळ्याचे बाबा मी पहिल्यांदाच पाहत होते. दोऱ्याच्या जागी एक पांढरट रेघ तेवढी होती. सासूबाई चपला वाजवत शेवग्याच्या झाडाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. वॉचमन उठला, शहांनी कुत्रा उचलला, बाल्कन्यांमध्ये माणसं आली. बाबांनी फाटकाला हात लावला, छाती भरून घेतली आणि निघाले. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." मी मनातल्या मनात म्हणत होते, देवा, आज टिकू दे, आणि त्याच वेळी म्हणत होते, देवा, आज तरी सुटू दे. ते शेवग्याखाली आले, एक 'कबड्डी' गिळल्यासारखी झाली, आणि शिट्टी वाजली. सासूबाईंचा उजवा हात वर गेला होता. कोपरात न वाकवता, सरळ.

बाबा जागच्या जागी उभे राहिले. "नाय सुटलो दम!" ते ओरडले. "आईशप्पथ नाय सुटलो!"

"सुटलो," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "रोज सुटता. हय, शेवग्याखाली. आख्ख्या बिल्डिंगीक ठावक आसा, तुमका सोडून."

बाबांनी वॉचमनकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. शहांकडे पाहिलं, ते कुत्र्याला थोपटायला लागले. मग त्यांनी वळून फाटकाकडे पाहिलं. तिथे दिनेश उभा होता. दिनेश हसत नव्हता, रागावलेलाही नव्हता. त्याचा चेहरा कसा होता ते मला सांगता येणार नाही. बाबांच्या ओठांवर अजून तेच शब्द होते, 'आईशप्पथ', आणि ते पूर्वी कुणाकडून ऐकले होते ते त्यांना आठवलं असावं. कारण त्यांचा आवाज एकदम खाली आला. "खरंच नाही कळलं मला," ते साध्या मराठीत म्हणाले, कुणाला उद्देशून ते माहीत नाही. मग त्यांनी आपला उजवा हात सरळ वर केला, स्वतःसाठी, आणि जिन्याकडे चालायला लागले. वर आल्यावर मी न सांगता त्यांनी पाकीट मागितलं. अख्खी गोळी घेतली. सुपारीची डबी उघडून सगळे तुकडे मोरीत टाकले.

त्या दिवशी जेवणं उशिरा झाली. भाताचा पहिला घास घेऊन बाबा म्हणाले, "दिन्या, ती भांडुपची चढाई." दिनेश म्हणाला, "सोडा ना बाबा आता." "सोडा काय? चार लोकांत खोटारडा म्हटलं होतं मी तुला." आमटीची वाटी त्यांनी उगाचच इकडची तिकडे ठेवली. "तू खोटं बोलत नव्हतास. तुला कळलंच नव्हतं. आतून नाही कळत रे." दिनेश खाली मान घालून भात कालवत राहिला. कालवून कालवून त्या भाताची पेज झाली, तरी त्याला घास उचलवेना. मग बाबा थोड्या वेळाने, अगदी हळू, पण न राहवून म्हणाले, "पण बाद होतास हां." आणि माझा नवरा, इतकी वर्षं त्या एका निकालावर धुमसत राहिलेला माझा नवरा, हसायला लागला, डोळे पुसायला लागला, दोन्ही एकदम. "हो बाबा. होतो बाद." सासूबाईंनी त्याच्या ताटात आणखी एक बोंबील वाढला आणि मी पाणी आणायच्या निमित्ताने आत जाऊन मनसोक्त रडून घेतलं.

आता शिट्टी सासूबाईंच्या गळ्यात, मंगळसूत्राच्या जोडीला. जेवणं झाली की ती एकदा वाजते आणि बाबा गोळी घेतात, धडधड असो नसो, बोंबील असोत नसोत. कधी धाप लागली, हातापायाला मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं, हेही त्यांनी कबूल केलंय. पण काही होत नाही म्हणून सुट्टी घ्यायची नाही, हे त्यांनी दवाखान्यातल्या बाकावरच्या अनोळखी लोकांनाही समजावून सांगायला सुरुवात केली आहे. सोलकढी अजूनही अधूनमधून बाद होते. संध्याकाळी ते शेवग्याखालच्या बाकावर बसलेले असतात. पूर्वीपेक्षा लहान दिसतात. मी ऑफिसातून येताना सवयीने विचारते, "बाबा, बरं वाटतंय ना?" आणि ते दर वेळी तेच उत्तर देतात, "मला काय विचारतेस? मी खेळाडू."

कबड्डीत बाद झालेला गडी घरी जात नाही. तो मैदानाबाहेर रांगेत बसून राहतो आणि आपल्यापैकी कुणी समोरचा गडी मारला की उठून पुन्हा आत येतो, जिवंत होतो. दिनेश कामावरून येतो, बॅग माझ्याकडे देतो आणि बाकाजवळ जाऊन बाबांच्या खांद्यावर थाप मारतो, "चला बाबा, जिवंत." बाबा एक हात त्याच्या हातात देऊन उठतात. आत या घडीला ठोके तालात पडतायत की नाही हे त्यांना कळत नाही, आम्हालाही कळत नाही. एक दिवस दिनेश थाप मारील आणि हे उठायचे नाहीत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बाबांनाही. पण आज ते उठले. दोघं हळूहळू, बोलत बोलत जिन्याकडे गेले, आणि मी दोघांच्या मागे बॅग सांभाळत चालत राहिले.